मशरूमच्या कॅप्सूलने पोटाचं अस्तर भरून येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांचं वय ६८. गुडघेदुखीसाठी वर्षभर पेनकिलर चालू होती. जळजळ वाढली, भूक मंदावली म्हणून एन्डोस्कोपी केली, तर रिपोर्टवर ‘इरोझिव्ह अँट्रल गॅस्ट्रायटिस’ आलं, म्हणजे जठराच्या खालच्या भागात सूज आणि बारीक चट्टे. सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, सुरू झालं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, आधीपासूनच चालू आहे. आता एका आहारसल्लागारांनी मुलीला सांगितलंय की हा सगळा ‘लीकी गट’चा, म्हणजे आतड्याचं अस्तर गळकं झाल्याचा प्रकार आहे, आम्लाची गोळी थांबवा आणि तीन महिने लायन्स मेन व रेशी मशरूमच्या कॅप्सूल द्या, त्यातल्या बीटा-ग्लुकनने आतलं अस्तर नव्याने तयार होतं. द्याव्यात का, असं मुलगी विचारते आहे.

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. पॅन्टोप्राझोल थांबवू नका. रेशी तुमच्या बाबांना अजिबात देऊ नका. लायन्स मेनबद्दल माझा इतका कडक विरोध नाही, पण तीही आत्ता नको. मशरूममधल्या घटकांवर खूप गंभीर काम झालेलं आहे आणि ते मी आवडीने वाचते. पण त्या कामातून जी उत्तरं मिळतात, ती तुमच्या बाबांच्या दुखण्याची नाहीत.

मुळात जागा वेगळी आहे. बाबांचं दुखणं जठरात आहे. जठरात आम्लाचा पीएच दीड-दोनपर्यंत खाली जातो, आणि तरीही जठर स्वतःला जाळत नाही, कारण वरच्या पेशी सतत चिकट श्लेष्म आणि बायकार्बोनेट सोडत असतात. हे काम प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या जोरावर चालतं. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर हीच प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. गुडघ्यातलं दुखणं त्यामुळे कमी होतं आणि जठरातलं संरक्षणही त्यामुळेच कमी होतं. श्लेष्माचा थर पातळ होतो, रक्तपुरवठा घटतो आणि आम्ल थेट पेशींवर येतं. एन्डोस्कोपीत मला हे रोज दिसतं: जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, लालसर कडा आणि मधोमध पांढरट ठिपका असलेले बारीक चट्टे. त्यांनाच इरोजन म्हणतात. पेनकिलर बंद करून आम्ल दाबलं आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर बहुतेकांच्या त्याच जागी गुळगुळीत, गुलाबी अस्तर असतं. ते कुणी बाहेरून आणून लावलेलं नसतं. जठराच्या वरच्या थरातल्या पेशी दर काही दिवसांनी बदलतात आणि आतड्यातल्या साधारण तीन ते पाच दिवसांत. भरून येण्याची ताकद शरीरात असतेच. अस्तर भरत नाही, तेव्हा दुखापत अजून चालू आहे का, हे मी सगळ्यात आधी शोधते.

‘लीकी गट’बद्दलही सांगायला हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे. आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. शेजारच्या पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट धरलेल्या असतात. सीलिअ‍ॅक आजारात, क्रोन्समध्ये (दोन्ही आतड्याला सूज आणणारे आजार), पेनकिलरमुळेसुद्धा ही पकड सैल होते, आणि लॅक्टुलोज-मॅनिटॉल या दोन साखरा पाजून लघवीत त्यांचं प्रमाण मोजलं की ते कळतं. अलेसिओ फसानो यांच्या गटाने २००० साली ही पकड सैल करणाऱ्या झोन्युलिन या प्रथिनाचं वर्णन केलं, तेव्हापासून हा विषय लोकप्रिय झाला. पण पकड सैल होणं हे आजारामुळे घडतं. तेवढ्यावरून निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत. खासगी लॅबमध्ये झोन्युलिनची महागडी तपासणी करून घेणारे पेशंट येतात. बाजारातली किट नक्की कोणतं प्रथिन मोजतात, यावरच २०१८ साली संशोधकांनी प्रश्नचिन्ह लावलं आहे. त्या रिपोर्टवर मी औषध बदलत नाही.

आता मशरूमकडे. ज्याच्यावर सगळी मदार आहे तो बीटा-ग्लुकन म्हणजे मशरूमच्या पेशीभित्तिकेतली साखरेच्या रेणूंची लांब साखळी. ती तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. त्यामुळे कॅप्सूल गिळल्यावर ती जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे जाते. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू तिला आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या पेशींना बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटमधूनच मिळते. म्हणजे कोलनच्या अस्तराला बीटा-ग्लुकनमुळे खाऊ मिळतो, हे म्हणणं तर्काला धरून आहे. पण हेच काम ओट, जव, डाळी, कच्चं केळं, शिजवून गार केलेला भातही करतात. आणि तुमच्या बाबांचे चट्टे कोलनमध्ये नाहीत. ते त्याच्या कितीतरी आधी, जठरात आहेत.

बीटा-ग्लुकनचं दुसरं काम प्रतिकारशक्तीशी जोडलेलं आहे, आणि मला तेच सगळ्यात रोचक वाटतं. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा एक ग्राहक असतो. तो बीटा-ग्लुकन ओळखतो, हे २००१ साली गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवलं. बुरशीचा संसर्ग ओळखण्यासाठी शरीराने ठेवलेली ही यंत्रणा. मशरूमने ‘इम्युनिटी वाढते’ हा दावा येतो तो इथून. पण आतड्याच्या बाबतीत ही यंत्रणा जागी करणं चांगलं की वाईट? उंदरांवरची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध जातात. २०१२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या कामात डेक्टिन-१ नसलेल्या उंदरांचा कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) जास्त तीव्र होता. २०१५ साली जपानी गटाने नेमकं उलट दाखवलं: डेक्टिन-१ नसलेले उंदीर कोलायटिसपासून वाचले. त्याच वर्षी आणखी एका प्रयोगात तोंडाने दिलेल्या बीटा-ग्लुकनने उंदरांच्या आतड्यातली सूज वाढलेली दिसली. बीटा-ग्लुकनचा आकार, फांद्या, लांबी आणि आतड्यात आधीपासून असलेले जिवाणू, या सगळ्यांवर परिणाम अवलंबून असावा, असं माझं वाचन आहे. म्हणून सूज असलेल्या आतड्यात प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही सरसकट द्यायला मी तयार नसते.

जपानचं नाव जाहिरातींत फार येतं, त्याचा खुलासा करते. शिताके मशरूममधून लेंटिनन वेगळं काढलं ते गोरो चिहारा यांच्या गटाने, १९६९ साली. जपानमध्ये १९८५ साली त्याला जठराच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीच्या जोडीला मान्यता मिळाली, आणि ते इंजेक्शनने देत. टर्की टेल मशरूममधलं पीएसके हे औषध १९७७ साली तिथे मान्य झालं, तेही कॅन्सरमध्ये जोडऔषध म्हणून. हा इतिहास खरा आहे. पण या दोन्हींपैकी एकही औषध जठराचे चट्टे भरण्यासाठी दिलं गेलं नव्हतं.

लायन्स मेनचं प्रकरण थोडं वेगळं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. चीनमध्ये या मशरूमचा पोटाशी जुना संबंध आहे. पांढऱ्या, लोंबत्या काट्यांचा हा गोळा तिथे पोटासाठी चांगला म्हणून खातात, आणि त्याच्या गोळ्या अल्सर व जठराच्या सुजेसाठी विकल्या जातात. मलेशियात मलाया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांवर प्रयोग केला. आधी लायन्स मेनचा अर्क पाजला, मग अल्कोहोल देऊन जठराला इजा केली, आणि अर्क घेतलेल्या उंदरांचं जठर बऱ्यापैकी वाचलं. प्रयोग व्यवस्थित होता. पण क्रम बघा. अर्क आधी, इजा नंतर. हा बचाव झाला. झालेली जखम भरून येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या बाबांची जखम आधीच झालेली आहे. शिवाय ती अल्कोहोलच्या एका घोटाने झालेली नाही, वर्षभराच्या पेनकिलरने झाली आहे. कोलायटिसच्या प्रयोगांचंही असंच. उंदरांच्या पाण्यात डीएसएस नावाचं रसायन मिसळून आतडं सुजवतात, आणि ते रसायन थांबवलं की सूज आपोआप ओसरू लागते. तिथे अर्काने नेमकं किती केलं, हे वेगळं काढणं कठीण असतं. बाटलीवरच्या ‘क्लिनिकली प्रूव्हन’मागे मला बहुतेक वेळा असेच प्रयोग सापडले आहेत.

माणसांवरचं काम थोडं आहे, पण आहे. बॉस्टनमध्ये २०१४ साली २४ निरोगी स्वयंसेवकांवर टर्की टेलमधल्या पीएसपी या दुसऱ्या घटकाचा अभ्यास झाला. काहींना पीएसपी, काहींना अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक, काहींना काहीच नाही. पीएसपी घेणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये सातत्याने एकसारखे बदल दिसले. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण मशरूमचा घटक माणसाच्या आतड्यात काहीतरी करतो, हे त्यातून दिसतं. पण माणसं निरोगी होती आणि अस्तर कुणी पाहिलं नव्हतं. नॉर्वेत २०१६ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ५० पेशंटना २१ दिवस मशरूमचा अर्क किंवा तसंच दिसणारं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं पेय दिलं. अर्कात मुख्यतः अ‍ॅगॅरिकस, थोडी लायन्स मेन आणि किंचित मायताके होती. अर्क घेणाऱ्यांना बरं वाटलं, त्रासाचा स्कोअर उतरला. पण शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारी खूण, त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बरं वाटणं मी कमी लेखत नाही. कोलायटिसच्या पेशंटला दिवसातून दोनदा कमी धावावं लागलं तरी त्याचं आयुष्य बदलतं. पण अस्तर भरलं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आमच्या कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर एक कडक, लाकडासारखी अळंबी येते. तिला फणसांबा म्हणतात, काही ठिकाणी फणसअळंबे. लहान मुलाचं तोंड आलं की म्हातारी माणसं ती सहाणेवर उगाळून लावायची. मला त्या परंपरेबद्दल आदर आहे. त्यात औषध जखमेवर थेट लागतं, मात्रा बोटाच्या टोकाएवढी असते, आणि चार दिवसांत बरं वाटलं नाही तर मुलाला वैद्याकडे नेतात. तीन महिने रोज गिळायच्या कॅप्सूलला ही परंपरा आधार म्हणून पुढे करता येत नाही.

आता कॅप्सूलमध्ये खरंच काय असतं, ते पाहू. मशरूमचा जमिनीवर दिसणारा भाग आणि धान्यावर वाढवलेली तिची तंतूंची जाळी, म्हणजे मायसेलियम, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गहू, ज्वारी, ओट किंवा तांदळावर मायसेलियम वाढवून सगळं धान्यासकट दळलं, तर पावडरमध्ये स्टार्च भरपूर येतो. लेबलवर ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ लिहिलं, तरी स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. त्यामुळे बीटा-ग्लुकनचं प्रमाण वेगळं छापलंय का, ते पाहा. एक साधी तपासणी घरी होते. चमचाभर पावडर अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, आणि बीटाडीनचे दोन-तीन थेंब टाका. रंग तपकिरीच राहिला, तर स्टार्च फारसा नाही. पाणी गडद निळं-काळं झालं, तर तुम्ही पैसे देऊन पीठ आणलंय. (हे पाणी लगेच ओतून टाका, कप साबणाने धुवा.) रंग बदलला नाही म्हणजे माल उत्तम, असं मात्र समजू नका. अमेरिकेत रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात लेबलशी जुळणारी फक्त ५ निघाली. आपल्याकडे अशा बाटल्यांवर बहुधा बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापलेलं असतं. न्यूट्रास्युटिकलसाठी, म्हणजे आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी, तो कायद्याचा नियम आहे. समोरच्या बाजूला अस्तर भरून येण्याचं वचन आणि मागे ही ओळ, असं दिसलं तर मागची ओळ खरी माना.

रेशीला मी इतक्या ठामपणे नाही का म्हणते? रेशीमध्ये प्लेटलेटची चिकटण्याची क्षमता कमी करणारे घटक आहेत. बाबा क्लोपिडोग्रेल घेतात, ते औषधही तेच करतं. जठरात आधीच चट्टे आहेत. या तीन गोष्टी एकत्र आल्या की रक्तस्राव होऊ शकतो, आणि ६८व्या वर्षी जठरातला रक्तस्राव जिवावर बेततो. यकृताचाही प्रश्न आहे. रेशीची पावडर एक-दोन महिने घेतल्यावर यकृत निकामी होऊन पेशंट दगावल्याची नोंद थायलंडमधून २००७ साली आली. अशा घटना क्वचित घडतात, पण ज्या औषधाचा फायदा सिद्ध नाही, त्यासाठी क्वचितचा धोकाही का घ्यायचा? ‘चागा’ कुणी सुचवली तर तीही नको. तिच्यात ऑक्झलेट खूप असतं. जपानमध्ये २०१४ साली नोंदलेल्या एका वृद्ध बाईंनी सहा महिने रोज चागाची पावडर घेतली आणि ऑक्झलेट साठून त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. अ‍ॅझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी कुठल्याही मशरूमचा अर्क आपल्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

जेवणातली मशरूम मात्र बाबांनी खुशाल खावीत. नीट शिजवलेली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) उत्तम. तिच्यातही बीटा-ग्लुकन आहे, आणि भाजी म्हणून खाल्लेलं मशरूम कॅप्सूलपेक्षा स्वस्त आणि कमी जोखमीचं. बटण मशरूम खाल्ल्यावर पोट फुगतं अशी तक्रार अनेकांची असते. त्यात मॅनिटॉल जास्त असतं, आणि आयबीएसच्या, म्हणजे चिडक्या आतड्याच्या पेशंटना ते सोसत नाही. धिंगरीत ते कमी असतं. शिताके कच्ची किंवा अर्धकच्ची कधीच खाऊ नये. काही जणांच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसं पुरळ येतं. आणि पावसाळ्यात रानातून कुणी आणून दिलेली अळंबी, ओळखणारं माणूस खात्रीचं नसेल, तर घरात आणूच नका.

आता बाबांसाठी प्रत्यक्षात काय करायचं. पोटात घ्यायच्या पेनकिलर बंद. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल. गुडघ्यासाठी कुणाकडून ‘आयुर्वेदिक’ म्हणून सुटी पुडी येत असेल तर तीही दाखवा. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेली सापडतात. क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. पॅन्टोप्राझोलची निवडही योग्य आहे. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करू शकतात, पॅन्टोप्राझोलचा हा त्रास नगण्य. म्हणजे ही गोळी बाबांची जळजळ थांबवते आणि क्लोपिडोग्रेल चालू असेपर्यंत त्यांना रक्तस्रावापासूनही जपते. ती काढून कॅप्सूल देणं म्हणजे आहे तो आधार काढून घेणं आहे. नाश्त्याच्या अर्धा तास आधी द्या. जेवणानंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होऊ शकतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, ती मी विचारते: हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या जिवाणूची तपासणी झाली का? बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं ते हा जिवाणू अल्सर करतो हे दाखवल्याबद्दल. भारतात तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जिवाणू आत असेल तर कितीही बीटा-ग्लुकन दिलं तरी सूज राहील, आणि १४ दिवसांच्या औषधांनी तो गेला तर अस्तर आपोआप सावरायला लागतं. एन्डोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘आरयूटी’ (जठराच्या तुकड्यावर केलेली या जिवाणूची झटपट तपासणी) किंवा बायोप्सीचा उल्लेख शोधा. नसेल तर श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची तपासणी करता येते. रक्तातल्या अँटिबॉडीची करू नका, जुना संसर्ग गेला तरी ती पॉझिटिव्ह राहते. तपासणीआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल आणि चार आठवडे अँटिबायोटिक थांबवावं लागतं, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. बाबांची गोळी दोन आठवडे थांबवायची असेल तर ते तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, आणि मधल्या काळात फॅमोटिडीन ही आम्ल कमी करणारी दुसरी गोळी चालेल का, हे त्यांना विचारून. जिवाणूवर उपचार झालाच, तर औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून तो गेल्याची खात्री करून घ्या. हा टप्पा बरेच जण विसरतात.

शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, किंवा उभं राहताना बाबांना चक्कर आली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्या किंवा हेलिकोबॅक्टरच्या उपचारातलं बिस्मथ चालू असेल तर शौच नुसतंच काळपट होतं, त्याला तो चिकटपणा आणि वास नसतो. पण फरक घरी ठरवत बसू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.